हुडाला ठेवलेला उसासा

देवचंदकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जळत्या जीपमध्ये बसले होते. निदान मला तरी तसं वाटलं. भर उन्हाळ्यातली दुपार होती. दारव्ह्याच्या स्टँडवर एक काळी-पिवळी उभी होती, चारी बाजूंचे पडदे खाली सोडलेले, आत कोणीतरी बसलेलं, आणि मागून, वरच्या कोपऱ्यातून, धुराची बारीक रेघ निघत होती. मी हातातला उसाच्या रसाचा ग्लास टाकून धावलो. "अरे, गाडी जळून राह्यली! निघा बाहेर!"

पडदा बाजूला झाला. पासष्टीच्या आसपासचा एक माणूस, घामानं निथळत असलेला, हातात पेटलेली उदबत्ती. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"जळून नाही राह्यली, भिया. श्वास घेऊन राह्यली."

आणि पडदा पुन्हा खाली. स्टँडवरचे ड्रायव्हर पोट धरून हसले. माझा रस सांडला होता, ग्लास फुटला होता आणि वर हसं झालं होतं. मला राग लवकर येतो. देवचंदकाकांवरचा माझा राग त्या दुपारी सुरू झाला. पुढे त्याची कारणं बदलत गेली, राग मात्र होता तिथेच राहिला.

ते ताडपत्री शिवायचे. जीपचे हूड, मिनीडोअरचे पडदे, ट्रॅक्टरवर उन्हापावसाचं छत, कापसाच्या गाडीवरची झाकणं. स्टँडच्या कडेला एका कडुलिंबाखाली त्यांची लाकडी पेटी असायची. पेटीत दाभणं, सुतळी, मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा आणि गाठी मारलेली एक दोरी. ही दोरी म्हणजे त्यांचा टेप. टेप त्यांच्याकडे होता, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. टेपनं मोजून झालं की ते पाठ फिरवून दोरीनं पुन्हा मोजायचे. दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर त्यांचं घर होतं, थोडी शेती होती, ती मुलगा पाहायचा. ते रोज सकाळी सायकलनं यायचे. "शेती पोराची, सुई माही," म्हणायचे.

माझ्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बाजारात पोतं अंथरून खिळे आणि दोर विकत मोठा झालो. आज माझं तारेच्या कुंपणाचं दुकान आहे. रानडुकरांसाठी शेताभोवती जी झटका मशीन लावतात, ती मी विकतो आणि बसवूनही देतो. दुकान मला कोणी दिलेलं नाही. ते मी घासाघीस करून, एकेक माणसाशी भांडून मिळवलं आहे. माझा भाव करण्यावर विश्वास आहे. एकानं चढवून सांगायचं, दुसऱ्यानं पाडून मागायचं आणि दोघांनी मध्ये कुठेतरी भेटायचं. त्यात दोघांची इज्जत राहते असं मी मानत आलो.

झटका मशीनला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक झरी जामणीकडे. जंगलाला लागून शेतं, रात्रीतून डुकरं सगळं उलथून टाकतात. रस्ते असे की पावसाळ्यात मोटारसायकलही घसरते. म्हणून मी लिलावात एक जुनी जीप घेतली. चारही चाकांना ताकद असलेली, चिखलातून हत्तीसारखी निघणारी, पण वरून उघडी बोडकी. समोर काच तेवढी होती. वळवाच्या पहिल्याच पावसात तीन मशीन भिजून मेल्या. यवतमाळला गाडीची बॉडी बांधणाऱ्याकडे गेलो. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीतून उठलोच. ठरवलं, सामान आपण आणू, घरीच अंगणात करू, फक्त शिवायला माणूस पाहू. सगळ्यांनी एकच नाव घेतलं.

काका आले, जीपभोवती एक फेरी मारली, आत चढून बसले आणि डोळे मिटले. पंधरा मिनिटं. मला वाटलं झोपले. मग उतरले आणि मजुरीचा आकडा सांगितला. मी सवयीनं त्याच्या निम्मा म्हणालो.

काकांनी पेटी उचलली. "राम रामी."

"अरे, बसा नं! निघाले काहून? तुम्ही थोडं खाली या, मी थोडा वर येतो."

"मी एकच भाव सांगतो, गजाभाऊ. मले दोन आठवत नाहीत."

माझी बायको शोभा दारात उभी होती. ती हसली. काकाही हसले आणि तिला म्हणाले, "बाई, हे तं यमासंग बी भाव करतीन. म्हणतीन, सगळा नको नेऊ, अर्धा ने."

मी हरलो. त्यांच्या आकड्याला कबूल झालो आणि ते मला बोचत राहिलं. माणसानं दोन रुपये सोडले असते तर काय झालं असतं? पैशाचं नव्हतं ते. मला कोणाच्या एका भावावर सही करायची सवयच नव्हती.

आठ दिवस ते आमच्या अंगणात होते. पाण्याचे जुने लोखंडी पाइप मी भंगारातून आणले. वेल्डरकडून कमानी वाकवून घेतल्या, त्या जीपच्या कडांना नट-बोल्टनं बसवल्या. त्यावर जाड ताडपत्री, खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक, कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. काका सुतळी मेणातून ओढून घ्यायचे. प्रत्येक टाका ओढताना "हं" म्हणायचे, जसा कोणी ओझं उचलताना म्हणतो. वरचा तुकडा नेहमी खालच्यावर. "कौलासारखं," ते सांगायचे. "पाण्यासंग भांडू नये. त्याले रस्ता दाखवा, थे आपोआप जाते." शोभा दिवसातून दोनदा चहा द्यायची आणि तिथेच पायरीवर बसून बघायची. तिला शिवणकाम येतं. ती विचारायची, ते सांगायचे. मी सामानाची बिलं घेऊन धावत असायचो.

दोन गोष्टींवरून आमचं वाजलं. पहिली, बाजूच्या पडद्यांची गाठ. मला आतून लावायच्या चेन हव्या होत्या. काकांनी पडद्याच्या कडेला कड्या लावल्या, त्यांतून एक दोरी ओवली आणि दोरीचं टोक बाहेर लोंबतं ठेवलं. टोक ओढलं की सबंध बाजू एका झटक्यात खाली.

"बाहेरून कोणीही उघडीन नं! चोरानं माल नेला तं?"

"आमचे आजे-पणजे बैलावर मीठ वाहात होते, भिया. बैल गाळात बसला का ओझं एका ओढीत सुटलं पाहिजे. गाठ सोडत बसलं का बैल जाते." मग कडी ओढून बघत, "माल पुन्हा भरता येते."

दुसरी गोष्ट म्हणजे भोकं. एक समोर, माझ्या उजव्या गुडघ्याजवळ, तळहाताएवढं, वरून झापड असलेलं. दुसरं मागं, वरच्या कोपऱ्यात, तसंच. एवढी मेहनत करून, ट्यूबच्या पट्ट्या लावून, मुंगीही आत येणार नाही असा हूड शिवायचा आणि मग स्वतःच्या हातानं दोन भोकं पाडायची!

"हा उसासा," काका म्हणाले. "ज्याले झाकाचं, त्याले उसासा ठेवा लागते. धान्याचं पोतं घट्ट झाकलं तं आतून तापते, सडते. मग इथं तं माणूस बसते."

मी तेव्हा दुकानाच्या फोनवर होतो. अर्धं ऐकलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळे पडदे सोडले, आत बसले आणि उदबत्ती पेटवली. मला एकदम आनंद झाला. वा, म्हटलं, माणूस तिरसट आहे पण धार्मिक आहे, गाडीची पूजा करतो आहे. मी पळत जाऊन नारळ आणला. हळद-कुंकू आणलं. चाकाखाली लिंबं ठेवली. आत काका समोरच्या झापडीजवळ उदबत्ती धरून धूर कुठं जातो ते बघत होते आणि बाहेर मी बोनेटसमोर नारळ फोडत होतो. ते बाहेर आले, फुटलेल्या नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि म्हणाले, "धुरानं हो म्हटलं."

मी हात जोडले. मी धुराला देवाचा धूर समजलो होतो. एवढा हुशार म्हणवणारा मी, एक प्रश्न विचारला असता तर. पण प्रश्न विचारणाऱ्याचा भाव पडतो, हे मी बाजारात शिकलो होतो.

पावसाळा लागला. हूड उत्तम होता. खोटं का बोलू? झाडावरून जांब पडावेत तशा गारा पडल्या एकदा, आत थेंब नाही. फक्त जोराचा समोरून वारा आला की उजव्या गुडघ्याजवळच्या झापडीतून तीन-चार थेंब आत यायचे आणि माझी पँट तेवढी भिजायची. रुपयाएवढा डाग. पण माझ्यासारख्या माणसाला पूर्ण दाम देऊन रुपयाएवढा डाग सहन होत नाही. दर फेरीला तो डाग मला सांगायचा, बघ, एका पैशाची सूट दिली नाही आणि वर हे.

एका बाजाराच्या दिवशी मी जीप थेट कडुलिंबाखाली नेली. स्टँड भरलेला होता. मी मांडी पुढे केली. "हे पाहा तुमचं काम! पूर्ण पैसे मोजून घेतले अन् पाणी आत येऊन राह्यलं."

काकांनी पँटीकडे पाहिलं. "तीन थेंब आहेत. थे श्वासासंग येतात."

"श्वास कायचा? भोक आहे भोक! शिवता येत नाही तं सांगाचं नं सरळ. एवढ्या म्हातारपणी लोकायले फसवता?"

मी "तुम्ही"वरून "तू"वर कधी आलो ते मला कळलं नाही. त्यांच्या वयाला, त्यांच्या कामाला, त्यांच्या बैलावरच्या आजोबांना, सगळ्यांना मी तोंडाला येईल ते बोललो. ते दाभण हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर एवढंच म्हणाले, "बुजवू नका, गजाभाऊ. लागन तं झापड लांब करून देतो. पण बुजवू नका."

मी तिथूनच हार्डवेअरच्या दुकानात गेलो, सिलिकॉनची एक नळी घेतली आणि दोन्ही झापडी बुजवून टाकल्या. वर बोटानं गुळगुळीत केलं. फार समाधान झालं.

त्याच आठवड्यात मेकॅनिकनं सांगितलं होतं की सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ चिरला आहे, बदला. नवा पाइप महाग. मी एका जुन्या पाइपाचा सौदा लावून ठेवला होता आणि तो भंगारवाला अजून दोन पावलं खाली यायची वाट पाहत होतो. हे मी लिहितो आहे कारण हे मी नंतर बरेच दिवस कोणालाही सांगितलं नाही.

श्रावणात शोभाच्या बहिणीकडे जायचं होतं. झरीकडच्या एका गावात ती दिली आहे. मला तिकडे दोन मशीन बसवायच्या होत्या, म्हटलं चल. जाताना छान गेलो. परतताना जोराचा पाऊस धरला. दुपारचे तीन वाजले असतील. एका नाल्यावर पाणी चढलं होतं. फरशीचा पूल दिसत नव्हता. थांबणं भाग होतं. जीपचा सेल्फ बिघडलेला, बंद केली तर धक्का मारायला माणूस नाही. म्हणून मी इंजिन चालूच ठेवलं. पडदे घट्ट ओढून घेतले. आत कोरडं, उबदार. शोभा म्हणाली, "काकानं घरच बांधून देल्लं." मग म्हणाली, डोकं दुखते. मी म्हटलं, जरा पड. मलाही जड वाटत होतं, वाटलं बहिणीकडच्या जेवणाची सुस्ती. तिनं मान टेकली. मी पाण्याकडे बघत होतो आणि पाणी किती उतरलं ते मला मोजता येईना. एवढं आठवतं की मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

पुढचं मला एका म्हाताऱ्यानं सांगितलं. शेळ्या घेऊन जाणारा कोलाम आदिवासी होता, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यानं गाडी चालू बघितली, आत दोघं मान टाकून बसलेले बघितले, प्लास्टिकवर थापा मारल्या. कोणी हललं नाही. दार त्याला सापडेना. तेवढ्यात बाहेर लोंबणारी दोरी दिसली. त्यानं ती ओढली. सबंध बाजू एका झटक्यात खाली आली.

मी तोंडावर पावसाच्या मारानं जागा झालो. म्हातारा शोभाला ओढून बाहेर काढत होता. "बाई बोलत नाही तुही! उतर नं, पाय धर!" चिखलात तिला आडवी केली. ती श्वास घेत होती की नाही मला कळत नव्हतं. मी तिचे तळपाय घासत राहिलो. मग ती ओकली. मला त्याहून गोड आवाज आयुष्यात ऐकू आलेला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, गाडीचा धूर आत साचला. चिरलेल्या पाइपातून, जुन्या जीपच्या खालच्या फटींतून तो वर आला आणि बाहेर जायला त्याला वाट नव्हती. शोभा तीन दिवस तिथे होती. व्हरांड्यात बसून मला सगळं लख्ख कळलं होतं. उदबत्ती, धूर, नारळ, सगळं. तिथे मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

दारव्ह्याला परतलो तर स्टँडवर ड्रायव्हरांनी घेरलं. "काय झालं, गजाभाऊ? वहिनी कशी हाये?" पंधरा माणसं. आणि त्यांच्यामागे कडुलिंबाखाली काका, हातातलं काम टाकून उभे राहिलेले, ऐकायला. मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण जे बाहेर आलं ते असं होतं: "काय होणार? देवचंदच्या हुडानं मारलं असतं. डबा करून ठेवला गाडीचा."

काका खाली बसले आणि सुतळीला मेण लावू लागले.

गाव केवढं! आठ दिवसांत गोष्ट तालुकाभर. बायका जीपमध्ये बसताना विचारू लागल्या, "हा पडदा त्या देवचंदचा तं नाही?" ड्रायव्हर काय करणार? कोणी पडदे काढून टाकले, कोणी यवतमाळहून तयार आणले. पोळ्याच्या आधी कडुलिंबाखालची पेटी दिसेनाशी झाली. मी रोज तिथून जायचो आणि त्या रिकाम्या जागेकडे बघायचो नाही. मनात मात्र त्यांच्याशी भांडायचो. का बोलला नाही हा माणूस? एक शिवी द्यायची. "तूच बुजवलं" म्हणायचं. मी एक बोललो असतो, त्यानं एक बोललं असतं, मिटलं असतं. गप्प राहून त्यानं सगळं माझ्याच अंगावर ठेवलं, असा उलटा राग.

शोभा बरी झाली. एके दिवशी ती जीप धूत होती. मागच्या कोपऱ्यात तिचा हात थांबला.

"हे कोणं बुजवलं?"

"त्यानंच असन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि फळीवरची सिलिकॉनची अर्धी नळी आणून माझ्यासमोर ठेवली. आवाज चढवला नाही. "काका धूर पाहात होते तेव्हा मी पायरीवर होती. समोरून हवा आत, मागून धूर बाहेर. मी पाह्यलं. तुम्ही तेव्हा नारळ फोडत होते."

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. जेवण वाढायची, हिशेबाचं सांगायची, आणि बस. पंधरा दिवसांनी मी तांड्यावर गेलो.

काका ओट्यावर बसून बैलाची झूल शिवत होते. पोळा होऊन गेला होता, पुढच्या वर्षाची असावी. मला बघून उठले. "राम रामी, गजाभाऊ. बाईची तब्येत?" मी म्हटलं, ठीक. त्यांनी सुनेला चहा सांगितला. मी चहा येईपर्यंत थांबलो नाही. जे सांगायचं होतं ते खाली बघत सांगून टाकलं. सिलिकॉन, पाइप, स्टँडवरचं बोलणं.

"मालूम आहे," ते म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"दवाखान्यातून गाडी आणली तुम्ही, बाजारात उभी केली. मी झापडीवर हात फिरवला. चिकट लागलं."

"मग बोलले काहून नाही? तिथंच, सगळ्यायसमोर?"

त्यांनी टाका ओढला. "बोललो असतो तं तुम्ही भाव केला असता, भिया. म्हणले असते, अर्धी चूक तुही, अर्धी माही. लोकायनं बी म्हटलं असतं, चला, दोघंही चुकले, मिटवा. अन् मी अर्धी चूक घेत नाही. माही असती तं सगळी घेतली असती."

मला राग आला. हो, तिथेसुद्धा. मी म्हटलं, "मी येत्या बाजारी स्टँडवर सांगतो. सगळ्यायसमोर."

"सांगा," ते म्हणाले. "जिथं सांडलं तिथंच उचला लागते."

चहा आला. आम्ही प्यालो. त्यांनी मला झूल दाखवली, आतून अस्तराला ठेवलेल्या बारीक फटी दाखवल्या. "बैलाले बी घाम येते."

बाजाराच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. तेच ड्रायव्हर. मी चहा मागवला सगळ्यांसाठी, घसा साफ केला. मनात वाक्य तयार होतं: देवचंदकाकांचा काही दोष नव्हता, भोक मी बुजवलं, पाइप मी बदलला नाही. तीन तुकडे. रस्ताभर पाठ केलेले. आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कोणाच्या तरी चेहऱ्यावर हसू आलं, आणि मी म्हणालो, "त्या हुडाच्या बाबतीत... तसं पाहिलं तं थोडी चूक माहीही होती. दोघायचंही थोडं थोडं चुकलं."

एक जण म्हणाला, "होते भाऊ असं." चहा संपला. माणसं पांगली. मी तिथे उभा होतो आणि मला माहीत होतं की मी नेमकं तेच केलं जे त्यांनी ओट्यावर बसून, टाका घालत, मला आधीच सांगितलं होतं.

हे त्यांच्यापर्यंत पोचलं. दिवाळीनंतर एकदा कापसाच्या गाडीवर बसलेले ते मला रस्त्यात दिसले. गाडी थांबवली नाही. वरूनच हात केला आणि म्हणाले, "ऐकलं, गजाभाऊ. निम्म्यात सुटला सौदा." हसत म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठे राग असता तर मी तो धरून बसलो असतो. राग नव्हता. माणूस लहान पोराच्या खोडीला हसतो तसं हसले. शेवटचं दर्शन ते.

माघात ते गेले. छातीत दुखलं, सकाळी सायकल काढतानाच, असं त्यांचा मुलगा म्हणाला. सायकल कशाला काढत होते? स्टँडवर जाणार होते. एका मिनीडोअरवाल्यानं पडदे शिवायला बोलावलं होतं. सहा महिन्यांनी पहिलं काम. पेटी कॅरियरला बांधलेली होती.

तिसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेलो. चहा मागवला नाही. तीनही वाक्यं म्हणालो, जशीच्या तशी, आणि चौथं, की मी इथे खोटं बोललो. ड्रायव्हर ऐकून घेत होते. त्यांतला सगळ्यात म्हातारा, ज्याच्या गाडीत मी पहिल्यांदा तो धूर बघितला होता, म्हणाला, "आमाले मालूम होतं, गजाभाऊ. देवचंदच्या हुडात आम्ही वीस वर्षं बसलो. पण पॅसेंजर बसत नव्हते नं. थे तुह्या बोलण्यानं उठले होते, त्यायले तुह्याच बोलण्यानं बसवा लागत होतं. आता कोणाले बसवतं?"

मी घरी येऊन सुरी घेतली. सिलिकॉन काढायला दुपार गेली. ते सोलून निघालं, खालचा एकही टाका निघाला नाही. दोन्ही झापडी पुन्हा हलू लागल्या. शोभा पायरीवर येऊन बसली होती. तिनं चहा आणला होता, दोन कप.

मी अजूनही भाव करतो. अजूनही चिडतो. तो एकच भाव सांगणारा माणूस मला आजही बोचतो, कारण त्याच्याशी माझा सौदा पुरा झाला तो त्याच्या मागं, त्याला ऐकू जाणार नाही तेव्हा. आता दर मृगाच्या आधी मी जीप स्टँडवर नेतो, कडुलिंबाखाली लावतो, पडदे सोडतो आणि आत उदबत्ती घेऊन बसतो. उकडतं फार. नवीन पोरं बाहेरून म्हणतात, गजाभाऊ पूजा करून राह्यले. मी पडदा बाजूला करून बाहेर येतो आणि एकेकाला हाताला धरून आत नेतो. पूजा नाही, म्हणतो, हा धूर बघ कुठून कुठं जातो. मग समोरचं भोक दाखवतो, मागचं दाखवतो, आणि सांगतो की ही कोणी ठेवली होती आणि कोणी बुजवली होती.